वेटेड ब्लँकेट घेताय? किती जड ते नंतर, आधी अंगावरून काढता येतं का ते बघा

माझं पहिलं वेटेड ब्लँकेट, म्हणजे मुद्दाम आत वजन भरलेली रजई, ९ किलोचं होतं आणि माझं स्वतःचं वजन तेव्हा ५६. ज्यांना यातलं कळतं ते इथंच हसतील, पण मी काही हिशोब केलाच नव्हता, झोप लागत नाही ना मग जितकं जड तितकं चांगलं एवढं सरळ गणित डोक्यात, ऑनलाइन मागवलं आणि बॉक्स आला तेव्हा नवरा तो दारातून हॉलपर्यंत ओढत आणताना म्हणाला, "अगं झोपायला मागवलंयस की व्यायामाला?" पहिल्या रात्री मस्त वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या रात्री अडीचला पाणी प्यायला उठायचं होतं तर कूसच वळता येईना, अर्धवट झोपेत त्या ब्लँकेटशी झटापट, त्यात छातीत धडधड, आणि सकाळी गुडघे असे आखडलेले की जिना उतरताना कठडा धरावा लागला. आठवड्याभरात ते कपाटावर गेलं. वर्षभराने ६ किलोचं घेतलं, नीट वाचून, मोजून मापून, आणि ते मात्र आता तिसरं वर्ष रोज वापरात आहे.

म्हणजे वस्तू वाईट नव्हती, निवड चुकली होती.

तर हे असतं काय, साधी रजईच, फक्त दोन कापडांच्या मध्ये छोटे छोटे चौकोनी कप्पे शिवलेले असतात आणि त्यात काचेचे बारीक मणी किंवा प्लॅस्टिकचे दाणे भरलेले असतात. काहींमध्ये धातूच्या साखळ्या असतात, काही नुसतीच जाड दोरासारख्या सुताची विणलेली. अंगावर सगळीकडे सारखा, हलका पण सतत दाब राहतो आणि त्या दाबाने शरीर शांत होतं अशी कल्पना. कुणी घट्ट मिठी मारली की खांदे आपोआप सैल पडतात ना, साधारण तसंच.

या दाबाच्या कल्पनेबद्दल बोलायचं तर टेंपल ग्रँडिन यांचं नाव घ्यावंच लागतं. त्या स्वतः ऑटिस्टिक म्हणजे स्वमग्न, पुढे जनावरांच्या वागणुकीच्या मोठ्या तज्ज्ञ झाल्या. तरुणपणी ॲरिझोनातल्या नातेवाइकांच्या रँचवर त्यांनी बघितलं की लस टोचताना गुरांना ज्या पिंजऱ्यात दोन्ही बाजूंनी दाबून धरतात, त्यात काही बावरलेली गुरं चक्क शांत होतात. मग १९६० च्या दशकात त्यांनी स्वतःसाठी तसंच एक लाकडी यंत्र बनवलं, आत शिरायचं आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या अंगाला दाबून घ्यायच्या, आणि १९९२ साली या दाबाच्या परिणामावर त्यांनी शोधनिबंधही लिहिला. मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट, त्या यंत्राचा दांडा आत बसलेल्या माणसाच्या हातात होता. दाब किती, किती वेळ, कधी सोडायचा, सगळं त्याचं त्याने ठरवायचं. माझ्या ९ किलोवाल्यात नेमकं हेच नव्हतं, मी आत होते आणि दांडा कुणाच्याच हातात नव्हता. पुढे मी जे जे सांगणार आहे ते सगळं फिरून फिरून इथंच येतं.

आता उपयोग होतो का खरंच? होतो, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा आणि तसा सगळ्यांना नाही. स्वीडनमध्ये २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, १२० मोठी माणसं, सगळ्यांना निद्रानाश आणि सोबत नैराश्य, एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकणं), अँग्झायटी असं काही ना काही. अर्ध्या लोकांना ६ ते ८ किलोचं साखळ्यांचं ब्लँकेट, अर्ध्यांना दिसायला तसंच पण प्लॅस्टिकच्या साखळ्यांचं दीड किलोचं. चार आठवड्यांनी जडवाल्यांचा निद्रानाश बराच जास्त कमी झालेला दिसला. छान आहे, फक्त एक लक्षात घ्या की गोळीच्या चाचणीत खोटी गोळी ओळखू येत नाही पण अंगावर दीड किलो आहे की आठ हे कुणालाही कळतं, त्यामुळे थोडा भाग मनाचाही असणार. दुसरीकडे ऑटिझम असलेल्या ५ ते १६ वर्षांच्या मुलांवर २०१४ साली अभ्यास झाला त्यात यंत्राने मोजलेली झोप काही वाढली नाही, पण मुलांना आणि आईवडिलांना ते ब्लँकेट साध्या ब्लँकेटपेक्षा जास्त आवडलं. आणि २०२२ साली स्वीडनच्याच उप्साला विद्यापीठात २६ तरुणांवर एक छोटा प्रयोग झाला, शरीराच्या वजनाच्या १२ टक्के वजनाचं ब्लँकेट, झोपायच्या आधी लाळेतलं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक, साधारण ३२ टक्क्यांनी जास्त वाढलं, झोप मात्र लांबली नाही. मी यातून माझ्यापुरतं असं काढलंय की हे झोपेचं औषध नाही, अंथरुणात पडल्यावर डोक्यात जी चक्की सुरू होते ती थांबवायला मदत करणारी वस्तू आहे. माझी झोप तासाने वगैरे वाढलेली नाही, पण पूर्वी पाऊण तास तळमळायचे ते आता पंधरा-वीस मिनिटांवर आलंय आणि मला तेवढं पुरतं.

खरेदीकडे वळण्याआधी, हे कुणी घेऊ नये ते सांगते. इथं घाई करू नका, नीट वाचा.

लहान बाळांना अजिबात नाही. नुसतं ब्लँकेट नाही तर बाळांसाठी म्हणून विकतात ते वजन भरलेले स्लीप सॅक (झोपताना घालायच्या पिशव्या), दुपटी, काहीच नाही, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या सूचनांमध्ये हे स्पष्ट लिहिलंय. जरा मोठ्या मुलांचं पण गृहीत धरू नका. २००८ साली कॅनडातल्या क्विबेकमध्ये ९ वर्षांचा एक ऑटिस्टिक मुलगा शाळेत अशा ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला असताना गेला. २०२२ मध्ये अमेरिकेत ४ आणि ६ वर्षांच्या दोन मुली ब्लँकेटच्या कव्हरची चेन उघडून आत शिरल्या आणि अडकून गुदमरल्या, त्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या प्रकारची सुमारे २ लाख ४ हजार ब्लँकेटं परत मागवली गेली. म्हणजे बघा, वजन हा धोक्याचा एक भाग, दुसरा भाग म्हणजे बाहेर न पडता येणं. मूल शाळकरी असेल आणि डॉक्टर किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टने सुचवलं असेल तरच, तेही ते स्वतः झटकून टाकू शकतं का हे बघून, मोठं माणूस लक्ष ठेवायला असताना, आणि डोक्यावरून कधीच नाही. शिक्षा म्हणून किंवा "गप्प बस आता" म्हणून गुंडाळायचं तर मनातही आणू नका.

मोठ्यांमध्ये स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास मधेमधे थांबणं), दमा, फुप्फुसांचा जुना आजार, हृदयाचा किंवा रक्ताभिसरणाचा त्रास, मधुमेहामुळे पायाला संवेदना कमी, फिट्स येणं, नुकतंच ऑपरेशन, अंगावर जखम, गरोदरपण, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घोरणं खूप असेल, मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन जाग येत असेल तर ब्लँकेटच्या मागे लागण्याआधी त्याचीच तपासणी करून घ्या. बंद जागेची भीती असणाऱ्यांना तर उलटंच होतं, शांत वाटायच्या ऐवजी घाबरं होतं. आणि घरातली वयस्कर माणसं, ज्यांच्या हातात जोर राहिलेला नाही, त्यांच्यावर प्रेमाने सुद्धा हे घालू नका. माझ्या आईला मी माझं ६ किलोचं दिलं होतं, "बघ गं किती छान वाटतं" म्हणून, तिने पाच मिनिटांनी हाक मारली, "बाई, हे काढ आधी, मला उठताच येत नाहीये." मला तेव्हा फार ओशाळल्यासारखं झालं.

माझी घरगुती परीक्षा अशी आहे, पाठीवर झोपायचं, ब्लँकेट खांद्यापर्यंत घ्यायचं, आणि एका हाताने, डोळे मिटून, ते एका झटक्यात बाजूला टाकता येतं का बघायचं. दोन्ही हात लावून उठून बसावं लागलं तर ते तुमच्यासाठी जड आहे, मग लेबलवर काहीही लिहिलेलं असो.

वजनाचा नियम सगळीकडे सांगतात तो म्हणजे तुमच्या वजनाच्या १० टक्के. हा अंदाज आहे, विज्ञानाचा अटळ नियम वगैरे नाही, पण सुरुवातीला बरा. ६० किलोच्या माणसाला ६, ८० च्या माणसाला ८. वजन मधेच कुठेतरी येत असेल तर खालचं घ्या. कुशीवर झोपणाऱ्यांनी आणखी थोडं खाली यावं कारण सगळा दाब एका खांद्यावर आणि एका कंबरेच्या हाडावर येतो.

पण यात एक गोम आहे जी मला कुणी सांगितली नव्हती. किलो हा आकडा पूर्ण ब्लँकेटचा असतो, तुमच्या अंगावर त्यातला जेवढा भाग येतो तेवढंच वजन तुम्हाला लागतं. १२० बाय १८० सेंटिमीटरचं ७ किलोचं ब्लँकेट घ्या, क्षेत्रफळ साधारण २.१६ चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला ३.२ किलो. आता तेच ७ किलो १५० बाय २०० मध्ये पसरवलं तर ३ चौरस मीटर, दर चौरस मीटरला २.३ किलोच. लेबल तेच, अंगाला जाणवणारं वजन पाऊणपटीच्या आसपास. २०० बाय २२० चं १० किलोचं डबल ब्लँकेट पण तेवढंच, २.३ च्या आसपास. त्यामुळे "मैत्रिणीचं १० किलोचं आहे तिला काही होत नाही" हे ऐकून आपण लहान साइजचं १० किलोचं घेतलं की फसलो. माझं ९ किलोवालं लहान साइजचं होतं, त्यामुळे तर ते छातीवर कुणी बसल्यासारखं वाटायचं. घेताना किलो भागिले चौरस मीटर एवढं मोबाइलवर करून बघा, एक मिनिटाचं काम आहे.

साइज पलंगाची नाही, तुमची घ्यायची. साधं पांघरूण पलंगाच्या कडेवरून लोंबलं तर छान दिसतं, हे लोंबलं की स्वतःच्याच वजनाने घसरत घसरत पहाटेपर्यंत जमिनीवर जातं, आणि जाताना तुमची चादर पण ओढून नेतं. गादीच्या वरच संपलं पाहिजे. आणि दोघांत एक डबल घेण्यापेक्षा ज्याला हवं त्याने आपलं वेगळं घ्यावं, एकाने कूस बदलली की दुसऱ्याच्या अंगावरचं अर्धं वजन सरकतं आणि भांडण सुरू.

आत काय भरलंय ते बघा. काचेचे मणी बारीक वाळूसारखे असतात, त्यामुळे ब्लँकेट पातळ राहतं आणि आवाज जवळजवळ नाही. प्लॅस्टिकचे दाणे मोठे, ब्लँकेट फुगीर होतं आणि कूस बदलली की खुळखुळ, शांत रात्री तो आवाज भलताच मोठा वाटतो. साखळ्यांचं जास्त करून थेरपीसाठी वापरतात, हातात घेतलं तर पाण्यासारखं सांडतं, अंगाला फार छान बसतं पण घरी धुणं त्रासाचं. विणलेलं हवेशीर असतं, ज्यांना उकडतं त्यांच्यासाठी चांगलं, फक्त भोकातून पायाची बोटं अडकतात, हसू नका, अडकतात. कप्पे १० ते १२ सेंटिमीटरपेक्षा मोठे नकोत, नाहीतर मणी एका कोपऱ्यात गोळा होतात आणि मग पोटावर काहीच नाही आणि पायावर पोतं. ब्लँकेट उजेडासमोर धरून शिवण बघा, एका बोटाने ओढून टाके ताणतात का बघा, तिथंच पुढचं सगळं कळतं.

उकाडा ही याची सगळ्यात मोठी तक्रार आणि ती खरी आहे. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं आणि आपण वर किलोकिलोने आवरण घेतो. म्हणून वरचं कापड सुती घ्या, मऊमऊ फरवालं दुकानात हाताला गोड लागतं पण रात्री भट्टी होते. वेटेड ब्लँकेटवर आणखी दुसरं पांघरूण नको. फारच उकडत असेल तर फक्त मांडीपासून खाली घ्या, त्याचाही बऱ्यापैकी परिणाम होतो.

आता वापरायचं कसं. पहिल्याच रात्री पूर्ण अंगावर घेऊन झोपायचं नाही. मी दुसऱ्या वेळी असं केलं, पहिले तीन दिवस संध्याकाळी सोफ्यावर बसून मांडीवर घडी करून वीस मिनिटं, टीव्ही बघत. चौथ्या दिवसापासून अंथरुणात, पण फक्त पाय आणि कंबरेपर्यंत. आठवड्याने पोटापर्यंत, मग छातीपर्यंत. हात बाहेर. मानेच्या वर कधीच नाही. साधारण दोन आठवडे लागले सवय व्हायला, सुरुवातीला दोन-तीन दिवस मांड्या जरा जड जड वाटल्या मग गेलं. मुंग्या येत असतील, पाय गार किंवा बधीर पडत असतील, श्वास पूर्ण घेता येत नसेल तर सवय होईल म्हणून थांबू नका, लगेच काढा.

पाठीवर झोपणाऱ्यांचा एक त्रास म्हणजे पावलं. ब्लँकेट पंजे खाली दाबतं आणि पाय रात्रभर टाचा वर करून उभं राहिल्यासारखे ताणलेले राहतात, सकाळी पोटऱ्या ठणकतात. उपाय सोपा, पावलं बाहेर काढून झोपा, घोट्याच्या वरच ब्लँकेट संपवा. कुशीवर झोपत असाल तर गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्या आणि ब्लँकेट खांद्याऐवजी बगलेपर्यंतच घ्या. पोटावर झोपणाऱ्यांना मी सांगणार नाही, कंबरेवर आणि मानेवर वाईट ताण येतो.

आणि हो, रात्रभर घ्यायलाच पाहिजे असं काही नाही. मी डोळा लागेपर्यंत घेते, मग कधीतरी झोपेत पायाने ढकलून देते, सकाळी ते पलंगाच्या एका बाजूला असतं. सुरुवातीला मला वाटायचं हे म्हणजे काम झालं नाही, पण झोप तर लागलेली असते ना, मग बास. दिवसा पण वापरता येतं, काही टेन्शनचा फोन यायचा असेल, डोकं भणभणत असेल तेव्हा खुर्चीत मांडीवर घेऊन दहा मिनिटं, हळूहळू श्वास सोडत बसायचं. मोबाइल मात्र लांब ठेवा, ब्लँकेट पांघरून रात्री एक वाजेपर्यंत रील बघणार असाल तर ते बिचारं काय करणार.

घ्यायच्या आधी घरात अंदाज घ्यायचा असेल तर दोन जाड रजया घट्ट घडी करून मांड्यांवर ठेवा आणि वीस मिनिटं बसा. पाचव्या मिनिटाला भिरकावून द्यावंसं वाटलं तर पैसे वाचले. आणि नवीन आलेलं ब्लँकेट वजनकाट्यावर स्वतः हातात घेऊन उभं राहून मोजा, मग स्वतःचं वजन वजा करा. माझं ६ किलोचं ५.४ भरलं. मला ते चाललं, पण आकडा माहीत असलेला बरा.

शिवणाची आवड असेल तर घरी पण करता येतं. १२० बाय १८० मध्ये १० सेंटिमीटरचे कप्पे म्हणजे १२ गुणिले १८, २१६ कप्पे, ६ किलो मणी भागिले २१६ म्हणजे एका कप्प्यात साधारण २८ ग्रॅम. आधी उभ्या नळ्या शिवायच्या, खालचं तोंड बंद, मग प्रत्येक नळीत एक माप मणी टाकून खाली झटकायचे आणि आडवी शिवण मारायची, मग पुढची ओळ. सुई मण्यावर आपटली की तुटते, त्यामुळे मणी खाली सारून टाचण्या लावूनच शिवा आणि चष्मा घाला, ही थट्टा नाही. पाच-सहा ओळींनंतर ते धूड मशीनखाली सरकवायला दुसरं माणूस लागतंच.

शेवटचं धुण्याचं. काढता येणारं कव्हर घ्याच, म्हणजे कव्हर धुतलं की झालं, आतलं वर्षातून एकदा-दोनदा. कव्हरला आतून कोपऱ्यात आणि कडेला बांधायच्या नाड्या हव्यात, नाहीतर आतलं सगळं पायाशी जमा होतं. आतलं मशीनमध्ये टाकायचं असेल तर आधी मशीनची क्षमता बघा, भिजल्यावर ते आणखी जड होतं. मी ते ९ किलोवालं देऊन टाकायच्या आधी धुवावं म्हणून ७ किलोच्या मशीनमध्ये कोंबलं होतं, एक शिवण उसवली आणि सगळे मणी ड्रममध्ये, फिल्टरमध्ये, पंपात, मेकॅनिकने वाटीभर मणी काढून माझ्यासमोर ठेवले आणि विचारलं, "मॅडम, वाळू धुतली का?" वाळवताना दोरीवर टाकू नका, मणी खाली ओढतात आणि टाके सैल होतात. दोन खुर्च्यांच्या पाठींवर किंवा स्टँडवर आडवं पसरून, मधेमधे उलटं करून, कप्पे हाताने चोळून मणी मोकळे करा. आतून दमट राहिलं तर वास येतो आणि तो वास नाकाजवळ घेऊन झोपायचं असतं, त्यामुळे दोन दिवस लागले तरी पूर्ण वाळू द्या.